शीर लपते तेव्हा

‘परवा आजींना लावलं तेव्हा चाललं की, मॅडम. मग आज का नाही?’

ऑपरेशन उरकल्यावर, चहाचा कप हातात असताना आमच्या आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, हे विचारलं. आवाजात रुसवा नव्हता, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. तासाभरापूर्वी याच मुलाच्या हातातून मी नायट्रोग्लिसरिनच्या मलमाची ट्यूब जवळजवळ हिसकावून घेतली होती. टेबलावर विशीतली मुलगी, एक्टॉपिक (गर्भनलिकेतच राहिलेला गर्भ) फुटून पोटात रक्त साचलेलं, ओठ पांढरेफटक, मनगटाची नाडी लागत नाही. एका हाताशी सिस्टर, दुसऱ्या हाताशी हा, दोघंही शीर शोधताहेत आणि दोन्ही हात कोरे. कोपरापासून बोटांपर्यंत कुठे म्हणून निळी रेघ नाही. तेवढ्यात याला शीर वर आणणाऱ्या त्या मलमाची आठवण झाली. धावत गेला, ट्यूब घेऊन आला, झाकणसुद्धा उघडलेलं. ‘ठेव ते,’ मी जरा चढ्या आवाजात म्हटलं आणि तो ठेवायच्या आतच ट्यूब माझ्या खिशात टाकली. आता चहाच्या वेळी त्याने विचारलं तेव्हा ‘तिचं बीपी किती होतं?’ एवढंच मी उलट विचारलं. ‘सत्तर.’ ‘मग?’ ‘मग काय, मॅडम?’ इतक्यात दुसऱ्या नर्सिंग होममधून सिझरसाठी फोन आला आणि मी निघाले. ‘बीपी कमी होतं’ हे उत्तर बरोबर होतं. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले असते. पण त्याने विचारलेला प्रश्न त्याहून मोठा होता, आणि घाटरस्त्याला लागल्यावर मला ते जास्तच जाणवायला लागलं.

आधी त्या आजींबद्दल सांगते. जानेवारीतली सकाळ, पाटणच्या वरच्या अंगाने आलेल्या, अंगणात घसरून खुबा मोडलेला. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस वॉर्डात होत्या आणि तेवढ्यात दोन्ही हातांच्या शिरांची वाट लागली होती. रात्रपाळीला ‘आयव्ही आऊट झाली’ की दुसरीकडे टोचायचं, ती आऊट झाली की तिसरीकडे. हाताच्या पाठीवर निळेजांभळे डाग, त्यावर थ्रोम्बोफोब या सुजेवरच्या मलमाचा चिकट थर, आणि चिकटपट्टी ओढताना सोललेली पातळ कातडी. वयस्कर बाईचा हात हातात घेतला की त्यात एक वेगळाच हलकेपणा लागतो. हाडं आणि शिरा दिसत असतात, पण शीर सुईखालून निसटते, कारण तिला धरून ठेवणारं मांसच उरलेलं नसतं. त्यात ऑपरेशन थिएटरचा एसी, त्यात भीती. बीपी एकशे सत्तर. मी रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून त्यांच्या हाताखाली ठेवलं आणि वर नायट्रोचं मलम लावायला सांगितलं. शेजारच्या मेडिकलमध्ये त्या क्षणी जे मिळालं ते फिशरवर, म्हणजे गुदद्वाराच्या चिरेवर, लावायचं होतं. औषध तेच, पण खोक्यावर जागा वेगळी छापलेली. नातवाने खोका वाचला आणि दारातूनच म्हणाला, ‘मॅडम, हे तर मूळव्याधीचं आहे. आजीचा पाय मोडलाय.’ त्याला समजावण्यात पाचेक मिनिटं गेली आणि मलमाला काम करायला तेवढा वेळ मिळाला. मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला एक शीर हळूहळू वर आली. गुलाबी सुई एका दमात आत. आजी हे सगळं तोंडाचं बोळकं करून बघत होत्या. म्हणाल्या, ‘शिरंला फशिवलं म्हना की, बाई!’

सगळे हसले, मीही हसले. आरएमओ तर फारच खूश होता. पण ‘फशिवलं’ माझ्या मनातून जाईना.

भूलतज्ज्ञाच्या आयुष्यात शीर शोधण्याचं काम किती असतं हे बाहेरच्यांना कळत नाही. लोकांना वाटतं आम्ही झोपवतो आणि उठवतो. प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा तरी फोन येतो, ‘मॅडम, भुलेची केस नाहीये, फक्त एक लाइन लावून द्याल का?’ बालरोगवाले थकलेले, सिस्टर थकलेल्या, बाळ रडून रडून दमलेलं. आपण जायचं, हात बघायचा, दुसरा हात बघायचा, पाय बघायचे, आणि सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन बसायचं. या कामाचं बिल कधी होत नाही, चहा मात्र मिळतो. शिकताना आमच्या एक वरिष्ठ बाई म्हणायच्या, डोळे मिट आणि बोट ठेव. दिसणारी शीर आणि लागणारी शीर वेगळी असते. बरेचदा ठळक निळी दिसते ती बारीक आणि उथळ असते, आणि काही दिसत नसतं तिथे बोटाखाली एक मऊ, दाबून सोडलं की परत वर येणारी शीर असते. ती एकदा बोटाला कळली की आयुष्यभर कळते. दंड आवळायच्या पट्ट्याऐवजी हातमोजाच बांधायचा, हात खाटेखाली लोंबू द्यायचा, मूठ उघडझाप करायला लावायची, चापट्या मारायच्या, गरम शेक द्यायचा. केमो घेणारे पेशंट तर आपल्यालाच शिकवतात. बाही वर करून सांगतात, ‘इथे बघू नका, त्या गेल्या. इथे एक आहे, पण ती डावीकडे पळते, बाहेरून धरा.’ आपल्या शिरांचा एवढा अभ्यास करायची वेळ कुणावर येऊ नये, पण त्यांनी केलेला असतो आणि तो अचूक असतो.

मलमाचा उपाय या सगळ्यातला तसा नवा, आणि औषध मात्र जुनं. १८४७ साली तुरीनमध्ये अस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरिन बनवलं आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चाखूनही पाहिलं. जिभेवरच्या कणभर थेंबाने भयंकर डोकं ठणकलं अशी नोंद त्याने करून ठेवली. पुढे आल्फ्रेड नोबेलने याच द्रव्याला माणसाळवून १८६७ मध्ये डायनामाइट काढला. त्याआधी, १८६४ मध्ये, त्याचा धाकटा भाऊ एमिल याच द्रव्याच्या स्फोटात गेला होता. कारखान्यांत काम करणाऱ्यांना सोमवारी डोकेदुखी व्हायची. आठवडाभर सवय होऊन ती थांबायची, रविवारच्या सुट्टीत सवय मोडायची आणि सोमवारी पुन्हा सुरू. सवय टिकावी म्हणून काही जण टोपीच्या पट्टीत थोडं द्रव्य लावून घरी न्यायचे म्हणे. डोकं दुखतं याचा अर्थ डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावताहेत, म्हणजे हे छातीच्या दुखण्यावर चालेल, हा धागा लंडनच्या विल्यम मरेलने पकडला. त्यानेही बाटलीचं ओलसर बूच जिभेला लावून पाहिलं होतं आणि नाडी इतकी धाडधाड उडायला लागली की पेशंट तपासणं कठीण झालं. १८७९ मध्ये त्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि स्फोटकाचं औषध झालं. आयुष्याच्या अखेरीस नोबेलला स्वतःला हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिलं. मरायच्या काही आठवडे आधी, १८९६ च्या ऑक्टोबरात, त्याने एका पत्रात या योगायोगावर खवचट शेरा मारला आहे: लोक आणि औषधविक्रेते घाबरू नयेत म्हणून याला आता ट्रायनायट्रिन म्हणतात. नेमकं काय घडतं याचा उलगडा व्हायला आणखी ऐंशी वर्षं गेली. औषधातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि शिरेच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात. त्या शोधमालिकेला १९९८ चं नोबेल मिळालं. म्हणजे नोबेलच्या पैशाचं बक्षीस नोबेलच्या औषधाला.

आमच्या घरी याचं भावंड बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असायचं, सॉर्बिट्रेट. एसटीत, लग्नात, देवळात, कुठेही. आई त्यांना बजावायची, ‘आधी बसा, मग जिभेखाली ठेवा.’ का बसायचं हे तिला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. मला ते एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. शरीरातल्या साधारण पाच लिटर रक्तापैकी दोनतृतीयांश नीलांमध्ये, म्हणजे परत येणाऱ्या शिरांमध्ये असतं. नायट्रेट थोड्या मात्रेत मुख्यतः याच शिरा सैल करतं. रक्त तिथेच रेंगाळतं, हृदयाकडे कमी येतं, हृदयाचं ओझं हलकं होतं आणि छातीतली कळ थांबते. उभ्या माणसाला मात्र भोवळ येते. हातावर मलम लावतो तेव्हा यातलाच एक तुकडा आपण वापरत असतो, तेवढ्या जागेतली शीर तेवढी सैल व्हावी म्हणून. पण औषधाला ‘इथवरच’ हे कळत नाही. आमच्या एक सिस्टर मोजे न घालता बोटाने मलम लावायच्या आणि दुपारी डोकं धरून बसायच्या. सोब्रेरोची डोकेदुखी दीडशे वर्षांनी आमच्या ड्यूटी रूममध्ये. शिवाय आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. पुरुष पेशंटला, मुलं-सुना बाहेर पाठवून, खालच्या आवाजात: वायग्रासारखी गोळी घेता का? त्या गोळीवर नायट्रो पडलं तर बीपी कोसळतं. सत्तरीच्या गृहस्थांनी एकदा माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली. मग त्यांनी दाराकडे बघून हळूच मान हलवली. बाहेर त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अख्खं घर जमलं होतं.

आणि हे मलम जादू वगैरे नव्हे. गेली चाळीसेक वर्षं कुणी ना कुणी त्याच्या चाचण्या घेतं आहे, आणि निकाल कधी बाजूने तर कधी ‘फारसा फरक नाही’ असा येतो. मला विचाराल तर साध्या उबेवर माझा जास्त विश्वास आहे. व्हिएन्नाच्या काही डॉक्टरांनी २००२ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक छान अभ्यास छापला होता. शंभर पेशंट, निम्म्यांच्या हातात खरोखर तापणारा मोजा, निम्म्यांच्या हातात तसाच दिसणारा पण न तापणारा. पंधरा मिनिटांनी सुई लावायची. तापलेल्या गटात तीन जणांना पहिल्या फटक्यात जमलं नाही, दुसऱ्या गटात चौदांना. आजींच्या वेळी कोमट पाण्याचा मोजा आणि मलम दोन्ही होतं, म्हणून खरं श्रेय कुणाचं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आरएमओने मात्र ते सगळं मलमाला देऊन टाकलं होतं. त्याची चूक नाही. पाण्याने भरलेल्या मोज्यापेक्षा स्फोटकाच्या मलमाची गोष्ट जास्त लक्षात राहणारच.

शीर का लपते, हे मला आधी सांगायला हवं होतं.

आमच्या गावात उन्हाळ्यात टाकीतलं पाणी खाली गेलं की पाणीपुरवठ्याचा माणूस किल्ली घेऊन निघायचा आणि वरच्या आळीचे व्हॉल्व्ह बंद करायचा, का तर दवाखान्याच्या नळाला तरी पाणी राहावं. वरच्या आळीतल्या बायका त्याला शिव्या द्यायच्या, पण टाकीत किती उरलंय हे फक्त त्याला दिसायचं. रक्तस्राव होऊ लागला की शरीर हेच करतं. हाताची, पायाची, कातडीची वाट आवळून घेतं आणि उरलेलं रक्त मेंदू, हृदय यांच्याकडे वळवतं. तरुण माणसाचं शरीर हे काम इतक्या जिद्दीने करतं की जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत बीपीचा आकडा बरा दिसू शकतो, आणि मग एकदम घसरतो. त्या मुलीचे हात कोरे होते ते यासाठी. तिच्या हातावरच्या शिरा हरवलेल्या नव्हत्या, त्या मुद्दाम बंद केलेल्या होत्या, आणि ती जिवंत होती ती त्या बंद शिरांच्या जोरावर. तिथे मलम चोपडणं म्हणजे टाकीत डोकावून न बघता किल्ली फिरवणं. त्यातही गंमत अशी की मलमाने लगेच काहीच झालं नसतं. गार पडलेल्या कातडीत रक्त फिरत नसेल तर औषध शोषलं कसं जाणार? ते तिथेच पडून राहिलं असतं. मग आम्ही रक्त-सलाईन चढवून तिला वर आणलं असतं, हात गरम झाला असता, आणि नेमकं तेव्हा ते सगळं शोषलं जाऊन बीपी पुन्हा पडलं असतं. आजींचं उलटं होतं. त्यांच्या टाकीत भरपूर होतं, शिरा आवळल्या होत्या त्या थंडीने आणि आमच्या भीतीने. तिथे जरा फसवलं तर बिघडत नव्हतं.

पण हे एवढ्यावर संपत असतं तर मला घाटात इतका विचार करावा लागला नसता. शरीर शहाणं आहे, त्याच्या मर्जीविरुद्ध जाऊ नये, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. अडचण अशी की मी माझा बाँड, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, कोकणात केला आहे.

रायगडातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी घरं शाकारायची, लाकूडफाटा आत घ्यायची लगबग असते तेव्हा विंचू निघतात. लाल विंचू. रात्री उशिरा एका मुलाला बापाने खांद्यावर टाकून आणलं. शर्ट घामाने पिळून निघावा इतका ओला आणि हातपाय गारठलेले. बाहेर एवढा उकाडा की आमचेच सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटलेले, आणि त्या मुलाची बोटं धरवत नव्हती इतकी थंड. ओकाऱ्या झालेल्या. नाडी बारीक, वेगवान. मी शीर शोधू लागले. नव्हतीच. इथेही व्हॉल्व्ह बंद होते, पण टाकी भरलेली होती. विंचवाच्या विषाने शरीरातला सगळा अ‍ॅड्रेनलिनचा साठा एकदम उधळला जातो, रक्तवाहिन्या करकचून आवळतात, आणि बिचारं हृदय त्या बंद दारांवर धडका देत राहतं. शेवटी ते थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. पूर्वी कोकणात अशी धडधाकट माणसं, लहान मुलं, तोंडाला गुलाबी फेस येऊन जायची. इथे शरीर स्वतःला वाचवत नव्हतं, विषाच्या सांगण्यावरून स्वतःला मारत होतं. बाहेरून दोन्ही हात मात्र सारखेच दिसतात, गार, ओले आणि कोरे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं मोठेपण मला त्या रात्री कळलं, पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. १९७० च्या दशकात ते बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. विंचवाचे पेशंट येत, तेव्हाचे सगळे उपाय करून होत, आणि माणसं जात. बावस्करांनी खाटेशेजारी बसून लक्षणं टिपली: घाम, ओकारी, गार हातपाय, मग बीपी वर, मग फुप्फुसं. हे सगळं आवळलेल्या रक्तवाहिन्यांचं दुखणं आहे, तर त्या सैल का करू नयेत? आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते जबर औषध, पण थेंबाथेंबाने शिरेतून द्यावं लागतं आणि सतत बीपीवर नजर हवी. लाइटचा भरवसा नसलेल्या गावात ते किती जणांना जमणार? मग प्राझोसिन. बीपीची साधी, स्वस्त गोळी. तोंडातून. १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडलं. गंभीर पेशंटांत जिथे शंभरात पंचवीस-तीस जण जायचे, तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि मला आठवतं, आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी कोकणात बाँड केला त्या सगळ्यांनी आपापला विंचवाचा पेशंट सांगितला.

गोळीची खरी करामत मला शीर शोधणाऱ्याच्या नजरेतून दिसते. ज्या आजारात शिरा मिळत नाहीत, त्या आजाराचं औषध शिरेतून द्यावं लागत नाही. मी त्या मुलाला वजनाच्या हिशेबाने गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून चमच्याने दिला, आडवंच ठेवलं, कारण पहिल्या मात्रेला उठून बसलं तर बीपी पडून चक्कर येते, आणि दर थोड्या वेळाने बोटं चाचपत बसले. पहाटे कधीतरी बोटं कोमट लागली. थोड्या वेळाने हाताच्या पाठीवर शीर आली, न शोधता. तोवर सलाईनची फारशी गरज उरली नव्हती. तरी मी लावलं. शीर मिळते आहे तर सोडवत नाही, ही आमच्या लोकांची सवय.

तर आरएमओच्या प्रश्नाचं उत्तर हे एवढं लांब होतं. पुढच्या आठवड्यात त्याला बसवून मी ते सांगितलं. एक्टॉपिकच्या मुलीला शेवटी आम्ही कुठे सुई लावली हे त्याने पाहिलं होतं, पण का तिथे ते विचारलं नव्हतं. टेबल डोक्याकडून खाली केलं, मान वळवली, हसळीच्या, म्हणजे गळ्याच्या हाडाच्या, वर बोट दाबलं आणि मानेतली बाहेरची शीर फुगवली. उरलंसुरलं रक्त आतल्या बाजूलाच असतं, तिथेच ते मागायला जायचं. करड्या रंगाची जाड सुई तिथे गेली. पायाच्या घोट्याशी, आतल्या हाडाच्या पुढे, एक शीर जवळजवळ प्रत्येकाला असते आणि न दिसताही घेता येते. पण पोटातच रक्तस्राव असताना पायातून दिलेलं रक्त त्या गळतीवरूनच वर जाणार, म्हणून मान. सर्जनने नळी धरली, गळती थांबली, दोन पिशव्या रक्त गेलं, आणि मग मी त्याला तिचा हात दाखवला होता. मघाशी ज्या हातावर त्याने सहा जागा चाचपल्या, तिथे शिरांचं जाळं वर आलेलं होतं. तेव्हा त्याने नुसतं ‘अरे’ म्हटलं होतं. आता मात्र त्याने विचारलं, ‘आणि मान पण मिळाली नसती तर?’

या प्रश्नाने मी खूश झाले, कारण त्याचं उत्तर पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथींतून येतं. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावात थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरने पटकीने मरायला टेकलेल्या एका म्हातारीच्या दंडातल्या शिरेत नळी घालून मिठाचं पाणी सोडलं. अर्ध्या तासात सहा पाइंट. मेलेल्यात जमा झालेली बाई बोलायला लागली. लॅटा निश्चिंत होऊन तिला दुसऱ्यांच्या हवाली करून गेला, जुलाब पुन्हा सुरू झाले, आणि त्याला बोलावणं येण्याआधीच ती गेली. पटकीत रक्तातलं पाणी आणि क्षारच निघून जातात, ते परत द्यायला हवेत, हे त्याच्या आधी ज्या तरुणाने दाखवून दिलं होतं तो विल्यम ओशॉनेसी, जो पुढच्याच वर्षी कलकत्त्याला आला आणि नंतर हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकून गेला. आमच्याकडे तेव्हा मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर ढकलत होते. शीर शोधणाऱ्यांची खरी परीक्षा पटकी घेते, कारण टाकी पूर्ण कोरडी आणि शिरा चिकटून बसलेल्या. आणि हाडाचा रस्ताही पुन्हा चलनात आला तो पटकीमुळेच. हाडाच्या मज्जेतून द्रव दिला तर तो सरळ रक्तात पोचतो, हे १९२० च्या दशकापासून माहीत होतं, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांवर वापरलंही गेलं, मग प्लास्टिकच्या सुया आल्या आणि लोक विसरले. जेम्स ऑर्लोव्स्की या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने भारतात पटकीच्या साथीत मुलांच्या नडगीच्या हाडात सुया घालून सलाईन चढवताना पाहिलं आणि १९८४ मध्ये तिकडे जाऊन लिहिलं की शीर नाही मिळाली तर हे करा. आज जगभरच्या पुनरुज्जीवनाच्या शिकवणीत ते आहे. मज्जेच्या जागेला हाडाची भिंत असते. शरीराने कितीही ठरवलं तरी ती आवळता येत नाही.

आपल्याकडून शिकून गेलेल्या या गोष्टीची सुई आपल्याकडच्या किती नर्सिंग होमच्या ट्रॉलीत असते, हे विचारून बघा. मी जिथे जिथे जाते तिथे लिहून देते. एका ठिकाणी खरेदी बघणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, ‘वर्षाला किती लागतील?’ मी म्हटलं, कदाचित एकही नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कागद खालच्या खणात ठेवला. तोवर मज्जा तपासायच्या सुईवर भागवायचं. नडगीचं हाड, गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा, तिथून बोटभर खाली आणि आतल्या बाजूला सपाट जागा. सुई काटकोनात धरून, पिळत पिळत, आणि एकदम अडथळा सुटल्याचं हाताला कळतं तिथे थांबायचं. हे हाताला कळणं बोलून शिकवता येत नाही, म्हणून सगळीकडे कोंबडीच्या तंगड्यांवर शिकवतात. आमचा आरएमओ माळकरी. त्याने माझ्याकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं. शेवटी सिस्टरच येताना दुकानातून चार तंगड्या घेऊन आल्या. यातल्या दोन सुई न लावता मला परत द्या, रात्री रस्सा करायचाय, असंही त्यांनी बजावलं. याने दोन-दोन मोजे चढवले, तोंड बाजूला केलं आणि सुई पिळायला लागला. तिसऱ्या वेळेला हाड सुटल्याचं त्याला कळलं, तोंड आपोआप सरळ झालं.

‘माणूस शुद्धीत असेल तर दुखत असेल ना, मॅडम?’

दुखतं, मी सांगितलं. सुई जाताना थोडं, आणि आत द्रव ढकलताना त्याहून बरंच जास्त. म्हणून शुद्धीत असेल तर आधी त्याच सुईतून लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, सावकाश सोडायचं, थोडं थांबायचं, मग बाकीचं. त्याने लिग्नोकेनचा डोस विचारला आणि वहीत लिहून घेतला.